नाव घ्या, इंग्रजीत

लातुरात आमच्यासारख्या आयांची एक फौजच आहे. नवरा आणि शेत गावाकडं ठेवून मुलांच्या क्लासपायी भाड्याच्या एका खोलीत येऊन राहिलेल्या. पोरगी डबा घेऊन गेली की संध्याकाळपर्यंत करायचं काय? एकच कढई किती वेळा घासणार? मी किनवटकडची. तिकडं दारात उभं राहिलं की सागाची झाडं दिसतात. इथं समोरच्या बिल्डिंगमधली दुसरी आई दिसते आणि तीही माझ्याकडंच बघत असते.

लेकीची अकरावी संपत आली तेव्हा गावाकडून फोनवर ठरलं, की पुढच्या वर्षी खोली परवडायची नाही. लेक एकटी होस्टेलात राहील आणि मी परत गावी. मी म्हटलं, खोलीचं भाडं मी कमावते. मग हे म्हणाले, "जा, करून बघ."

चौकाच्या मागं मुलींचं एक होस्टेल आहे. तिथं ऑफिसात बसायला बाई हवी होती. तेलंगणातले, कर्नाटकातले पालक फोन करतात, म्हणून थोडं इंग्रजी बोलता यायला हवं. माझं इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि चार्जर. पण लेकीला एक वर्ष एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून मी दुपारचा इंग्रजीचा क्लास लावला.

क्लास आमच्याच गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत. सगळ्या आयाच. शिकवायला घरमालकाची सून, नवी नवरी, स्वभावानं फार कडक. "पूर्ण वाक्यात बोला," एवढंच सारखं. धिस इज अ पेन झालं, दॅट इज अ ट्री झालं, आम्ही फुशारून गेलो. मग तिनं विचारलं, "व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?"

आमच्याकडं नवऱ्याचं नाव कोणी असं तोंडावर घेतं का? आम्ही एकमेकींकडं बघून पदरात हसायला लागलो. एक म्हणाली, "हिज नेम इज ऑन रेशन कार्ड." दुसरी म्हणाली, "हिज नेम इज गुड नेम." मॅडम बेजार. "अहो, इंग्रजीत घेतलं तर काही होत नाही!" तरी कोणाची जीभ रेटेना.

शेवटी धर्माबादची बाई तोडगा घेऊन उठली. "अय्यो मॅडम, असं कोरडं नाव न्हाई येत. उखाण्यात घेऊ का?"

"घ्या. पण इंग्रजीत!"

ती डोळे खाली करून, दोन्ही हात पुढं जोडून म्हणाली, "धिस इज अ टेबल, दॅट इज अ चेअर, ...राव इज व्हेरी फेअर." (नावं मी इथंही गाळते, माझी सवय आहे.) अशा टाळ्या पडल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली. तिचे यजमान मी पाहिलेत. फेअर अजिबात नाहीत.

मग काय, क्लासला ऊतच आला. भाजी निवडताना उखाणे, नळाच्या रांगेत उखाणे. "यस्टरडे आय वेन्ट टु द मॉल, ...राव इज व्हेरी टॉल." "इन द बॉक्स देअर इज अ रिंग, ...राव इज माय किंग." एकीला यमकासाठी शब्द हवा म्हणून तिनं मुलाची डिक्शनरीच आणली. व्याकरण आपोआप डोक्यात बसत गेलं. माझी लेक कपाळावर हात मारून घ्यायची. "आई, मुलाखतीत असलं काही करू नको हां. नुसतं नाव सांग. बघ, मी सांगते की नाही?"

"तुझा बाप हाय, तू सांगशील," मी म्हटलं. "माझा नवरा हाय."

मुलाखतीला होस्टेलच्या मालकीणबाई स्वतः होत्या. नांदेडच्या, पिकलेले केस, इस्त्रीची साडी, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा शिस्तीत. माझं नाव, गाव, शिक्षण सगळं मी धडाधड इंग्रजीत सांगितलं. आपण जिंकलो असं वाटून मी पाय हलवायला लागले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हजबंड्स नेम?"

लेकीचं पुढचं वर्ष माझ्या जिभेच्या टोकावर अडकून बसलं होतं आणि जीभ हलत नव्हती. मी उभी राहिले. डोळे खाली केले. दोन्ही हात पुढं आपोआप जोडले गेले.

"किनवट इज ग्रीन, लातूर इज ड्राय, ...राव सेड, गो अँड ट्राय!"

टाळ्या नाहीत. नुसता पंखा फिरत होता. गेली नोकरी, मी मनात म्हटलं, आणि लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तेवढ्यात टेबलापलीकडून एक विचित्र आवाज आला. मालकीणबाई हसत होत्या. चष्मा काढून, टेबलावर हात आपटून, अगदी खोकला लागेपर्यंत.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या.

मी आनंदानं वेडीच झाले. पर्स तिथंच विसरून निघाले, ती घ्यायला परत वळले, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मराठीत म्हणाल्या, "साहेब गेल्यापासून मला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. हळदीकुंकवालाही बोलावत नाहीत."

मला काय झालं कोण जाणे. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हटलं, "मी सांगते की. घ्या नाव. पण इंग्रजीत."

त्यांनी पदर सावरला. बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. साहेब विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते, हे मला पुढं कळलं.

"विष्णुपुरी हॅज अ डॅम अँड अ रिव्हर," त्या हळूच म्हणाल्या, "...राव इज विथ मी फॉरएव्हर."

उखाणा झाला की टाळ्या वाजवायच्या असतात. त्या खोलीत वाजवायला मी एकटीच होते. हात दुखेपर्यंत वाजवल्या.