बाबलीचे तीन मंत्र

तोंडवलीच्या बाबली तारीला जेवण पुरं करताना आमच्या वाडीत कोणी पाहिलेलं नव्हतं. भाताला तोटा होता म्हणून नव्हे. त्याची बायको सत्यवती बांगड्याचं तिकलं करायची तेव्हा शेजारच्या घरातली माणसंही वास घेत दोन घास जास्त जेवायची. पण बाबलीनं दुसऱ्या भाताला हात लावला की अंगणातल्या खळ्याच्या कडेला कोणीतरी उभं राहायचं नि ओरडायचं, "बाबल्या, रेऽऽ!" बाबली उठायचा. उष्ट्या हातानं सोडलेल्या ताटावर आमच्याकडे परत बसत नाहीत. ताट कुत्र्याला जायचं. गावात सगळ्यात माजलेला कुत्रा बाबलीचा, आणि बाबली मात्र सुक्या बोंबलासारखा.

कारण असं, की बाबलीपाशी मंत्र होते. ऐंशी साली मोठं सूर्यग्रहण लागलं तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्या मंत्रवाल्या गणपतनं त्याला खाडीत कमरेभर पाण्यात उभा करून ते कानात सांगितले. ग्रहण लागताना एक, मध्यावर एक, सुटताना एक. गणपतपाशी होते पुष्कळ, पण एका ग्रहणात माणसात तीनच बसतात. ते कुठले, हे घेणाऱ्यानं निवडायचं.

बाबलीनं पहिला घेतला पाकटाच्या काट्याचा. रापणीच्या जाळ्यात पाकट मासा आला आणि त्याच्या शेपटीचा काटा पायात घुसला, की चांगला बाप्या माणूस वाळूत लोळून आवशीला हाका मारतो. बाबली स्वतः लोळलेला होता. हा मंत्र मोठा. उरलेले दोन निवडताना मात्र त्यानं डोकं चालवलं. सापाचा नको म्हणाला, भुताचा तर नकोच. होडी-जाळ्याला लागलेली दीठ काढायचा एक आणि दूध आटलेल्या जनावराचा एक, असे दोन बारके घेतले. बारक्यांना कोण हाक मारतो, अशी त्याची अटकळ.

तिथंच तो फसला. पाकट काय रोज चावत नाही. जाळ्याला दीठ मात्र रोज लागते. मासळी कमी पडली की दीठ, इंजिन खोकलं की दीठ, दुसऱ्याच्या होडीत सुरमई आली की आपल्या होडीला दीठ. गायीम्हशींचं तर बोलायलाच नको.

त्यात पथ्यं कडक. नाही म्हणायचं नाही. काही घ्यायचं नाही. आणि कामाचं नाव घराच्या उंबऱ्याच्या आत ऐकायचं नाही. हाक मारणाऱ्यानं बाहेर उभं राहायचं, बाबलीनं उंबरा ओलांडायचा, मग काय ते सांगायचं. त्यामुळे कोणाच्या पायात काटा मोडलाय की धोंडूच्या गायीनं चरवीला लाथ मारलीय, हे ताटावरून उठल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. पथ्य मोडलं तर मंत्र उलटतो आणि घरातल्यांना खातो.

साठी आली तसा बाबली थकला. गुडघे कुरकुरायला लागले. मंत्र दुसऱ्याला दिला की देणारा सुटतो, पण तो ग्रहणातच द्यायचा, पाण्यात उभं राहून. बाबली ज्याला-त्याला विचारत सुटला. लोक त्याच्याकडून दीठ काढून घ्यायचे आणि मंत्राचं नाव काढलं की घाईची कामं आठवून पळायचे. दोन हजार नऊच्या आषाढात ग्रहण लागलं, तर पाऊस कोसळत होता आणि खाडी लाल होऊन वाहत होती. त्या पाण्यात बैलसुद्धा उभा राहिला नसता. आता पुढचं पौषाच्या अवसेला. ते हुकलं तर मग कधी, कोणाला ठाऊक.

त्या थंडीत त्याचा भाचा सुदेश त्याच्याकडे येऊन बसायला लागला. सुदेशनं समुद्राकाठी दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. पुण्याची कॉलेजातली पोरं यायची आणि समुद्र सोडून पडवीत बसून एक खेळ खेळायची. खेळ म्हणजे नुसतं बोलणं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एकदा माणूस कमी पडला म्हणून त्यांनी सुदेशला बसवला. तो मांत्रिक झाला.

"मंत्र कोणी दिल्यान तुका?" बाबलीनं विचारलं.

"कोणी नाय. मांत्रिकांचे जाती असतत, मामा. कोणाच्या रक्तातच असता. कोण देवाकडे मागता. माझो पुस्तकातसून शिकलेलो. सुरवातीक पाच-सहा मंत्र, आपणच निवडूचे."

"ग्रहण?"

"ग्रहण नाय, पाणी नाय. कागदार लिवला की झाला."

"मग मी खंयच्या जातीचो?"

सुदेशनं विचार केला. "तू फसलेलो."

आत सत्यवती हसली. "खरा बोललो बघ झील माझ्या नणंदेचो."

"पुढे लढाई जिंकत गेलंय तसे नवे मंत्र गावले," सुदेश सांगत होता. "आता तिसऱ्या पायरीर आसंय."

"मी पैल्याच पायरीर म्हातारो झालंय," बाबली म्हणाला. "आणि हाक मारल्यानी की तुझो मांत्रिक उठता मां जेवणावरसून?"

"खेळात जेवणच नसता. आणि मोठे मंत्र दिवसाक मोजके. वापरले की संपले. मग निजूचा. सकाळी परत भरतत. बारके मात्र कितीय मारा, संपनत नाय."

बाबली मागं सरकला. भिंतीला डोकं टेकून बसला. मग म्हणाला, "संपतत? म्हंजे मांत्रिक सरळ सांगता, आज संपले?"

"सांगता."

"आणि लोक आयकतत?"

"नियम तो. आयकूकच होया."

"आमच्यात उलटा आसा रे," बाबली म्हणाला. "बारकेच माका खातत."

बोलता बोलता सुदेशनं कबूल केलं, पौषातल्या अवसेला मंत्र मी घेतो. पाहुण्यांना सांगायला बरं, खराखुरा मांत्रिक जेवण वाढतो म्हणून. बाबलीला वाटलं आपण सुटलो. त्या आठवड्यात तो हाकेला उठताना शिवीसुद्धा देत नव्हता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं, भर दुपारचं. सकाळीच दोघं येऊन गेले, एक जाळं घेऊन, एक म्हशीचं गाऱ्हाणं घेऊन. मग घराघरांत चुली विझल्या. भरती चढलेली होती. मामा-भाचे उपाशी पोटानं खाडीत उतरले, कमरेपर्यंत. ऊन पिवळं पडायला लागलं, कावळे माडावर गप्प बसले.

"आदी पथ्यां आयक," बाबली म्हणाला. "मगे मंत्र." आणि त्यानं ती सांगितली. सुदेशला मंत्र हवे होते, पथ्यांचं त्यानं आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"ताटावरसून उठूचा?"

"उठूचा."

"पावण्यांका वाढतंय आणि हाक इली तर?"

"डवली ठेवून जावचा."

"आणि नाय म्हटला तर?"

"उलाटता. बायलेर नायतर पोरार."

सुदेशची बायको वर्षाली तेव्हा पोटुशी होती. त्यानं लुंगी सावरली. मग म्हणाला, "मामा, माझो धंदोच जेवणाचो. माका नाय जमाचा." आणि वळून काठाकडे चालायला लागला. पाणी जड होतं, त्यामुळे पळता येत नव्हतं. नाहीतर पळालाच असता.

"आवशीक खाव तुझ्या!" बाबली ओरडला. "कागदावरचो मांत्रिक मेलो!"

तो एकटाच उभा राहिला. पाठीत थंडी भरली होती. परत जायचं, भात खायला बसायचं, हाक यायची. मरेपर्यंत. मग त्याच्या डोक्यात आलं, की गणपतनं पथ्यं सांगितली ती याच पाण्यात, ग्रहणातच. त्याला कोणी सांगितली होती? त्याच्या गुरूनं, ग्रहणातच. म्हणजे ग्रहणात पाण्यात उभं राहून मंत्रवाला जे बोलतो ते पथ्य होतं. आता मंत्रवाला बाबली होता.

"सुदेश! थंयच रव. साक्षीक रव!"

सुदेश काठावर लुंगी पिळत होता, तसाच थांबला. बाबलीनं सूर्याकडे पाठ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि मोठ्यानं बोलला, "मोठो मंत्र कधी संपाचो नाय. बारके दिवसाक दोन. दोन झाले की बारके संपले. मगे सकाळी." आणि पाणी सोडलं.

सुदेशच्या तोंडात तीळ भिजत नाही. ग्रहण सुटून माणसं आंघोळी करतात तोवर नवं पथ्य अर्ध्या वाडीत पोचलं होतं. कोणी वाद घातला नाही. दमलोय म्हटलं तर आमच्या गावात कोण ऐकून घेणार, दमलेले सगळेच. पथ्य म्हटलं की मात्र माणूस दोन पावलं मागं सरतो.

सत्यवतीला तेवढं पटलं नव्हतं. ऊन कलताना तिनं ताट वाढलं. "उलाटलो तर?" ती म्हणाली.

"उलटाचो नाय. पथ्य मोडूक नाय, वाढवलंय. वाढ भात."

पहिला भात झाला. दुसरा घेतला आणि खळ्याच्या कडेला आवाज आला, "बाबल्या, रेऽऽ!" धोंडू. तो आडवाडीचा, त्याच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. बाबलीचा गुडघा सवयीनं वर आला. कुत्रा शेपूट हलवत ताटाजवळ येऊन बसला.

"बारके संपले!" बाबली आतूनच ओरडला. आवाज चिरकला. "नवा पथ्य आसा! बारको असात तर सकाळी ये! मोठो असात तर थंयच रव, येतंय!"

बाहेर सामसूम. सत्यवतीनं कानाला हात लावून देवाचं नाव घेतलं. बाबली तसाच, एक गुडघा वर, घास हातात. मग धोंडूच्या चपला वाजल्या. "आदी सांगूक होया मां, मेल्या," असं पुटपुटत त्या लांब गेल्या.

बाबली खाली बसला. तिकलं कालवलं, भात संपवला. सत्यवती डाव घेऊन उभी होती.

"आजून घालू?"

बाबली रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. "माका काय म्हायत," तो म्हणाला, "मी किती जेवतंय ता. घाल. बघूया."

कुत्रा थोडा वेळ थांबला, मग उठून धोंडूच्या मागं गेला.