सईची सीट डिकीत होती

पंधरा वर्षं मी आर्मीत ड्रायव्हर होतो. हवालदार म्हणून बाहेर आलो. आता दादरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे नीट लिहिता येतंय की नाही, कळत नाही. मॅडमनी सर्व्हिसमधला प्रसंग मागितला. माझा प्रसंग लालबागच्या पुलाखालचा आहे.

तेव्हा पोस्टिंग कुलाब्याला होतं. युनिटच्या कार्यक्रमात नाईक दत्ताराम तावडे याचं नाव घेतलं जाणार होतं. दत्ता माझा को-ड्रायव्हर. आदल्या वर्षी डोंगरात आमची गाडी दरडीला धडकली, त्यात तो गेला. त्याच्या घरच्यांना परळहून आणायची ड्यूटी मी मागून घेतली. रिपोर्टिंग १००० ला, म्हणजे सकाळी दहाला.

दत्ताची मुलगी सई चार वर्षांची. आदल्या दिवशी मी एका साहेबांच्या घरून लहान मुलाची सीट मागून आणली, मागे पट्ट्यांनी घट्ट बसवली आणि दोनदा हलवून पाहिली.

०८४५ ला चाळीपाशी पोहोचलो. दत्ताच्या बायकोला, वहिनींना, बोलवायला वर गेलो. खाली आलो तर सीट डिकीत. अशा कामाला चाळीच्या मजल्यावरची माणसंही हवीत, म्हणून सीट काढून शेजारचे बाळाभाऊ आणि त्यांची बायको मागे बसली होती. पुढे दत्ताचे वडील, आबा. त्यांच्या मांडीवर सई आणि सईच्या हातात हार घातलेला दत्ताचा फोटो. रस्त्यावरच्या लोकांना दिसावा म्हणून फोटो पुढे धरायचा, असं चाळीनं ठरवलं होतं.

सईला मागे सीटमध्ये बसवू या, असं मी म्हणालो.

"अर्ध्या तासाचो रस्तो," आबा म्हणाले. "बसात ता माझ्या मांडयेर."

मी हट्ट न धरता गाडी सुरू केली. तिच्या बापाच्या नावाचा दिवस होता. गाडी वीसच्या पुढे नेली नाही. सई फोटो दाखवायला सारखी उभी राहत होती. तिचं कपाळ काचेपासून वीतभर.

"मिलिटरीवाला की वरातीतला बँडवाला रे तू?" बाळाभाऊ म्हणाले.

लालबागच्या पुलाखाली एक स्कूटर आडवी आली. ब्रेक हलकाच लागला, तरी सईचं डोकं डॅशबोर्डला टेकलं. लागलं नाही. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

सुभेदार साहेबांचा फोन आला. "कहाँ हो?"

"लालबाग, साहब. गाडी रोकी है. बच्ची सेफ नहीं है."

ते म्हणाले, "बांधो, फिर निकलो."

आबांनी परत तेच सांगितलं, मी घट्ट धरतो. मग मला बोलावं लागलं. दत्ता गेला तेव्हा गाडी मीच चालवत होतो, हे त्यांना ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

"त्या दिवशी मी चहा मागितला," मी म्हणालो. "मागचा थर्मास घ्यायला त्यानं बेल्ट सोडला. स्पीड तीसही नव्हता. अंगावर दुसरी जखम नव्हती, आबा. फक्त डोकं. बेल्ट होता, म्हणून मी वाचलो."

"हे वर्षभर का नाही सांगितलंत?" वहिनींनी विचारलं.

मी उतरलो आणि डिकी उघडली.

आबा सईला घेऊन उतरले. सीटला जागा व्हावी म्हणून बाळाभाऊ बायकोसह टॅक्सी बघायला गेले. आबांनी स्वतः डिकीतून सीट काढली.

"खंयची पट्टी खंय जाता, दाखव."

मी दाखवलं. सईला बांधलं. फोटो आबांनी पुढे आपल्या मांडीवर घेतला, स्वतःचा बेल्ट लावला.

भायखळ्याला पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी पूर्ण ब्रेक मारला. फोटो आबांच्या हातून सुटून डॅशबोर्डवर आदळला, काच फुटली. मागे वळून पाहिलं. सई सीटमध्ये जागच्या जागी होती.

"आबा, बाबा पडले," ती म्हणाली.

आबांनी फोटो उचलला, काचा वेचल्या.

आम्ही १०२० ला पोहोचलो. सुभेदार साहेबांनी नाव पुकारलं: नाईक दत्ताराम तावडे. सई आईच्या कडेवर होती. टेबलावर त्याचा फोटो ठेवला होता, हार होता, काच नव्हती. मी सॅल्यूट केला.