बाल्कनीतला डोंगर

दिवसभर तो लोकांना एकच गोष्ट ऐकवायचा. वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याची खुर्ची काउंटरमागे होती. कुणी जुनं मशीन दाखवलं की मान वर न करताच म्हणायचा, "याचे पार्ट येत नाहीत आता. नवीन घ्या." आणि संध्याकाळी घरी आला की हाच माणूस पंधरा वर्षं जुन्या खेळण्यातल्या गाडीसाठी पार्ट शोधत बसायचा. बायको हे रोज बघत होती आणि रोज तिच्या तोंडाला कडवट चव येत होती.

गाडी रिमोटवरची, वीतभरापेक्षा थोडी मोठी. पळणाऱ्या गाड्या पोराटोरांच्या, असं तो नाक वर करून सांगायचा. ही खडकावरून कूर्मगतीने चढणारी. हिला क्रॉलर म्हणतात, म्हणजे रांगणारी.

"अजून रांगतेच आहे का?" बायको विचारायची. "पंधराव्या वर्षी पोरांना मिशा फुटतात."

त्याला सुधारणा करायच्या असत. त्याने ताकदीची मोटर बसवली, तर तिच्या जोराने प्लास्टिकचे गिअर फुटले. गिअर पोलादी केले, तर दांडे पिळवटले. दांडे बदलले, तर चाकं वळवणारी यंत्रणा दमली. प्रत्येक सुधारणा पुढच्या मोडतोडीचं आमंत्रण घेऊन यायची आणि त्याचा चेहरा खुलायचा.

"मूळच्या गाडीतलं आता उरलंय काय?" तिने एकदा विचारलं.

त्याने खूप विचार केला. "अँटेना," तो म्हणाला.

मग टपावर सामान चढलं. शिडी, पेट्रोलचा कॅन, फावडं, आणि अंगठ्याएवढी गुंडाळलेली वळकटी. सगळं धातूचं, वळकटीसुद्धा.

इथपर्यंत तिने हसण्यावारी नेलं. पण चढायला डोंगर हवा म्हणून त्याने बाल्कनीत दगड आणून सिमेंटमध्ये थापले, गुडघ्याच्या वर येईल एवढा ढीग केला, आणि बाबांची खुर्ची उचलून बोळात, चपलांच्या कपाटाशेजारी ठेवली.

बाबा म्हणजे त्याचे वडील. त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. बिनखिडकीच्या पेटीत स्टुलावर बसून लोकांना वर नेलं, खाली आणलं. निवृत्तीनंतर त्यांनी घरात एकच गोष्ट मागितली होती: सकाळचं ऊन लागेल आणि रस्ता दिसेल अशी जागा. आता त्यांच्यासमोर बाथरूमचं दार होतं.

"थोडेच दिवस, बाबा," मुलगा म्हणाला होता.

बाबा उशी घेऊन बोळात जाऊन बसले. सून मात्र बोलली. इतकं बोलली की त्याने शेवटी कबूल केलं, "एकदा गाडी वरपर्यंत चढू दे, त्याच दिवशी डोंगर फोडतो. शब्द देतो."

अशी पाळी आली, की जी गाडी तिच्या डोळ्यांत खुपत होती तीच चढावी म्हणून तिला जीव टांगणीला लावावा लागला.

रविवारी सकाळी त्याचे दोन मित्र आले. एक दातांचा डॉक्टर, दुसऱ्याला सगळे बॅटरीवाला म्हणत. पिकलेल्या केसांचे ते बापे मोजे घालून बाल्कनीत उकिडवे बसले. गाडी घुरघुरत निघाली, दोन दगड पार झाले, आणि शेवटच्या पायरीला पुढची चाकं लागताच ती मागे कलंडून उताणी पडली. शिडी निसटून बाजूला गेली. त्याने ती आधी परत लावली.

"टपावरचं ओझं उतरव," डॉक्टर म्हणाला. "चढेल लगेच."

"मग ती खरी दिसणार नाही."

"खरी?" बायको दारातून म्हणाली. "अहो, त्या वळकटीत झोपणार कोण आहे? काढा ना ते!"

"तुला यातलं कळत नाही."

गाडी आणखी दोनदा उताणी झाली. वळकटी टपावरच होती. मग त्याने रिमोट खाली ठेवला आणि डॉक्टरांनी आजार सांगावा तशा गंभीर आवाजात सांगितलं, "पुढच्या चाकांना पितळी वजनं लागतील. मागवावी लागतील. दोन महिने तरी धरा."

मित्रांनी मयताला आल्यासारख्या माना हलवल्या.

"आणि बाबांचं काय?" ती म्हणाली.

"त्यांचं काय? त्यांना कुठे जायचंय?"

बोळ काही लांब नव्हता. बाबांना ऐकू गेलं. ते उठले, खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि भिंतीला धरून बाल्कनीत आले. बॅटरीवाला बाजूला सरकला. बाबांनी सुनेचा हात धरला, एक पाय दगडावर टेकवला, उशी डोंगराच्या माथ्यावर ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसले. ऊन त्यांच्या तोंडावर आलं.

"बाबा! अहो, ते शिखर आहे!"

"दिसतंय."

"सिमेंटला तडा जाईल!"

"तू थापलंयस, म्हणजे जाईलच." बाबा रस्त्याकडे बघत होते. "सूनबाई, चहा इथेच दे. यापुढे इथेच देत जा."

डॉक्टर बूट शोधायला आत गेला. बॅटरीवालाही उठला. मुलगा मात्र एका हातात उताणी गाडी आणि दुसऱ्या हातात रिमोट घेऊन उभा राहिला. रिमोटवर बोट दाबलेलं होतं, चाकं फिरत होती, आणि बंद करायचं त्याला सुचत नव्हतं.

ती चहा घेऊन आली. जिथे गाडी तीनदा कलंडली होती त्या पायरीवर कप अगदी नीट बसला. नवऱ्याने बांधलेल्या डोंगराचा हा एक उपयोग तिला नाइलाजाने मान्य करावा लागला.