मीटर कुणाच्या हाताएवढा

ब्लॉकवर पाणी मारण्याआधी ती त्याच्या दोन्ही टोकांना तळहात लावायची, ताप आलेल्या लेकराच्या गालांना लावावेत तसे. मग विचारायची, "निवला का रं?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुढच्या ब्लॉककडे जायची.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी सातपूरजवळच्या एका ब्लॉकच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले होते. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन मिक्सर आणि उघड्या मैदानावर सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या थप्प्या. भाताची कापणी उरकली की ती पेठकडच्या डोंगरातून यायची आणि पेरणीआधी परत जायची. ओल्या ब्लॉकना पाणी देणं, त्यांना उलटणंपालटणं हेच तिचं काम. सगळे तिला मावशी म्हणत, मीही.

असं मैदान तुम्ही भर दुपारी कधी पाहिलं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडतं, बारीक वाफ उठते, ओल्या गोणपाटाचा वास पसरतो आणि पाइपातल्या पाण्याचा आवाज ऐकता ऐकता डोळे जड होतात. त्या वाफेत मावशी अर्धी दिसायची, अर्धी विरून जायची. ती चालते आहे की तरंगते आहे, असा मला कितीदा तरी भास व्हायचा.

अशाच एका दुपारी मी तिला नवं माप समजावत होते. नवा ब्लॉक एकोणचाळीस सेंटीमीटरचा. मधे एक सेंटीमीटरचा सांधा धरला की चाळीस. दारं, खिडक्या, भिंती, सगळं चाळीसच्या नाहीतर विसाच्या पटीत, म्हणजे एकही ब्लॉक फोडायला नको.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीटर कुणाच्या हाताएवढा, ताई?"

"कुणाच्याच नाही. म्हणून तर तो सगळीकडे सारखा."

"आमच्या घराचं दार माझ्या सासऱ्याच्या हातानं चार हात हाय. सासरा गेला, त्याचा हात दारात राहिला." जरा थांबून ती म्हणाली, "तुमचा मीटर बिचारा कुणाचाच नाय."

मला हसू आलं.

त्या हंगामात कामगारांच्या घरांचं मोठं काम मिळालं. ब्लॉक पुरेनात, म्हणून फोरमननं अडगळीतला जुना साचाही काढला, सोळा इंचांच्या हिशेबातला. त्याचा ब्लॉक नव्यापेक्षा जेमतेम सात मिलिमीटर लांब. फोरमनला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मला त्यानं सांगितलं नाही. थप्प्यांमध्ये दोन्ही ब्लॉक मिसळले. नुसत्या नजरेला ते जुळ्या भावंडांसारखे दिसत.

एक दिवस मावशी माझ्याजवळ आली. "ताई, ह्यातलं काही लांब हायेत."

"साचा एक, माप एक, मावशी. लांब कसे असतील?"

टेप माझ्या खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही.

पंधरा दिवसांनी साइटवरून निरोप आला, खिडकीच्या चौकटी बसत नाहीत. जाऊन पाहिलं, तर दहा-बारा ब्लॉकच्या भिंती दोन-तीन बोटं पुढे सरकून खिडकीच्या जागेत शिरल्या होत्या. गवंड्यांनी टेप लावलाच नव्हता. ब्लॉकच माप सांभाळेल, असं मीच त्यांना शिकवलं होतं.

मालक मैदानावर आले. "एवढे ब्लॉक गेले आणि एकाच्याही लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. मावशी पाइप धरून दोन पावलांवर उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाणी मारायला लागली. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, "मावशीनं मला सांगितलं होतं. मी मोजलं नाही."

ते म्हणाले, "तर आता तिच्याकडूनच निवडून घ्या."

मावशीला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "काल बोलला असता, तर रातची झोप तरी लागली असती तुम्हाला." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तीन दिवस ती थप्प्या निवडत होती. डोळे मिटून दोन्ही टोकांना हात लावायची, लांब असेल त्यावर चुन्याचं बोट ओढायची. मी टेप घेऊन तिच्या मागं मागं. पहिल्या थप्पीत तिनं सोडलेले दोन ब्लॉक टेपवर लांब भरले. मी दाखवले, तशी तिनं ते पुन्हा चाचपले, टोकाला चिकटलेलं सिमेंट नखानं खरवडलं आणि म्हणाली, "आता मोजा." माप बरोबर आलं. दुपारनंतर मी टेप खिशात ठेवला.

भिंती उतरवून पुन्हा रचल्या. जुना साचा मालकांनी गॅस कटरनं कापून टाकला. पहिली चौकट बसणार होती त्या दिवशी मी मावशीला साइटवर घेऊन गेले. चौकट अलगद आत गेली. मावशीनं तिकडे फारसं लक्षच दिलं नाही. ती आतल्या रिकाम्या खोलीतून फिरली, चूल कुठं मांडणार ते पाहिलं आणि विचारलं, "पोरंबाळं येतील ना इथं राहायला?" येतील, म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला.

आणखी दोन-तीन हंगाम ती आली. मग तिच्या पाड्यावरचे सगळे आले, ती आली नाही. गुडघे धरलेत, असं कुणीतरी सांगितलं.

पुढे मी सरकारी नोकरीत लागले. ऐंशीनंतर कधीतरी पेठकडं शाळेच्या इमारतीची पाहणी होती. काम आटोपून मी तिचा पाडा शोधत गेले. घराला बाहेरून कडी होती. शेजारची बाई समोरच्या उतारावर बोट दाखवत म्हणाली, "नागली कापाया गेली. बसून बसून कंटाळली व्हती."

उतारावर पाच-सहा बाया वाकलेल्या होत्या. ऊन कलतं होतं, नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं तांबूस दिसत होती. कोणती ती, काही कळेना. मी हाक मारली, पण वाऱ्यात आवाज कुठल्या कुठं गेला. रस्त्यावर परतीची एसटी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हात वर केला.

एक बाई सरळ झाली. मग दुसरी. सगळ्या जणी उभ्या राहिल्या, कपाळाशी हात धरून खाली बघायला लागल्या. मग एकीनं हात वर केला आणि तिचं पाहून सगळ्यांनीच केला. थोडा वेळ आम्ही तशाच उभ्या होतो. मग त्या एकेक करून खाली वाकल्या आणि पुन्हा कापायला लागल्या.