पहिला डबा

पूर ओसरल्यावर महिन्याने गिरणी सुरू केली. दळायच्या दगडांना छिन्नीने नवी टाकी मारली. टाकीनंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कच येते, म्हणून पहिलं दळण आम्ही घरचंच टाकतो. यंदा घरचं धान्यच पुरात गेलं. लोक येतात, हळहळतात, चहा पितात आणि विचारतात, “अण्णा, पहिलं कुणाचं झालं का?” सगळ्यांना दुसरा नंबर पाहिजे. हळहळीवर गिरणीचा पट्टा फिरत नाही. पण डबा आणा म्हणून हात जोडणं मला जमायचं नाही.

परवा शेजारच्या म्हाताऱ्या सखूबाईंनी ज्वारीचा डबा आणून ठेवला.

“कच येईल,” मी म्हणालो.

“येऊ दे की. मला दात कुठं हायेत?”

त्यांचं दळण होईस्तोवर मागं सात डबे लागले. आता हेच लोक म्हणतात, “अण्णा, जरा लवकर आवरा.”