अण्णाचं मेडल आणि आमचा पोळ्याचा मान

माझा थोरला भाऊ लढाऊ विमान चालवायचा. आमच्या भागातून असा तो पहिलाच, आणि कुणी दुसरा म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. माझी शाळा चौथीतच संपली, त्यामुळं लिहिण्यात चुका होतील. गोष्ट मात्र चुकणार नाही, कारण त्या दिवशी बैलांचा कासरा माझ्याच हातात होता.

निजामाचं राज्य होतं. शाळेत सगळं उर्दूत. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, अण्णाला सोलापूरला मामाकडं शिकायला ठेवलं आणि मला औतामागं. अण्णा पुढं पुण्याला कॉलेजात गेला, आणि लढाई सुरू झाल्यावर घरी न विचारता विमानदळात भरती झाला. त्यावर आप्पांनी त्याचं नाव घेणंच सोडलं. आव्वानं, म्हणजे आईनं, विषय काढला की ते उठून जायचे.

अण्णाचं काम ब्रह्मदेशात. एकट्यानं उडायचं, झाडांच्या शेंड्याला लागेल इतकं खाली यायचं आणि जपान्यांच्या तोफांचे, पुलांचे फोटो काढून आणायचे. खालून गोळ्या चालूच. एकदा तेलाची नळी फुटली आणि समोरची काच काळी झाली. काही दिसेना. त्यानं बाजूनं डोकं बाहेर काढलं, वाऱ्यात डोळे बारीक केले आणि तसंच विमान उतरवलं. पंखाला भोकं पडली होती, फोटो शाबूत. अशा लई फेऱ्या केल्या, म्हणून लाटसाहेबानं भर परेडीत त्याच्या छातीवर मेडल लावलं. हे सगळं मी त्याच्याकडून ओढून ओढून काढलंय. आपण होऊन सांगायची त्याला सवय नव्हती. ती कसर मी भरून काढतो.

लढाई संपली त्या वर्षी तो पोळ्याला रजेवर बेंबळीला आला. येडशीच्या ठेसनावर मी छकडा घेऊन गेलो होतो. घरी आल्यावर आप्पा "आलास व्हय" एवढंच म्हणाले आणि बैल धुवायला घेऊन गेले. आव्वानं मेडल पदरानं पुसलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवलं. तिथंच घोळ झाला. मेडल चांदीचं, पण त्याचा आकार क्रूसाचा. वर जांभळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची फीत. तसला क्रूस आमच्या लोकांनी एकाच माणसाच्या गळ्यात पाहिला होता, गावोगाव औषधं वाटत फिरणाऱ्या पाद्र्याच्या. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की आप्पांचा थोरला बाटला, गळ्यातलं लिंग सोडून क्रूस घातला.

आम्ही लिंगायत. लिंग जन्मापासून अंगावर, मरेपर्यंत उतरायचं नाही. अण्णाचं लिंग त्याच्या गळ्यातच होतं, वर्दीच्या आत. सकाळी लिंगपूजा केल्याबगर त्यानं पाण्याचा घोट घेतला नाही, हे घरात सगळ्यांनी पाहिलं, आप्पांनीही. पण घरच्यांचं सांगणं गाव कशाला मानणार?

पोळ्याच्या सकाळी पंच दारात आले. वेशीतून पहिली जोडी पाटलाची जायची, दुसरी आमची. हा मान आजोबांपासूनचा. पंचांतला म्हातारा म्हणाला, "आप्पा, औंदा तुमची जोडी समद्यात मागं राहू द्या."

"का?"

"लोक बोलाय लागलेत. पोरानं सदरा काढून लिंग दावावं, इषय मिटला."

अण्णा आतून बाहेर आला. "काका, म्या काय बाजारात उभी केलेली म्हैस हाय व्हय? तुमी दात बघणार, मग भाव ठरवणार?"

"आरं, मग हाय का न्हाय ते तोंडानं तरी सांग."

"असं इचारणाऱ्याला न्हाय सांगत."

मी त्याला मागं ओढलं. "अण्णा, दाव की एकदा. बैलांचा मान चाललाय."

"तुला ठावं हाय न्हवं? मग झालं."

आप्पांनी एक शब्द टाकला असता तर त्यानं सदरा काढला असता. पण ज्याच्याशी इतकी वर्षं बोलणं नाही, त्याला विनवायचं कसं? तो मान गेला असता तर आप्पांनी पुन्हा वेशीकडं तोंड केलं नसतं, एवढं मला कळत होतं.

दुपारी मी बैल सजवले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंग. निघायच्या वेळेला आप्पा घरातून आले. त्यांच्या मुठीत मेडल होतं. थोरल्या बैलाच्या बाशिंगाखाली त्यांनी ते फितीसकट बांधलं, गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "चल. पाटलाच्या मागं घाल."

वेशीत हलगी कडाडत होती. पाटलाची जोडी आत गेली. मी आमची पुढं काढली तसा पंचांतला म्हातारा आडवा आला. बैलाच्या कपाळाकडं त्यानं वाकून बघितलं.

"आप्पा, ह्ये काय करून ठिवलं?"

"बसवण्णाच्या कपाळाला लावलंय," आप्पा म्हणाले. "आता समद्यांम्होरं सांगा, बसवण्णा बाटला का?"

बैल म्हणजे आमचा बसवण्णा. त्याला बाटला म्हणायची छाती कुणाची? हलगीवाला वाजवायचा थांबला. तेवढ्यात वेशीच्या आतून पाटील हसले. "सरक म्हाताऱ्या. सांजच्याला त्याच बैलाच्या पाया पडायचंय तुला."

म्हातारा बाजूला झाला. बैल जवळून जाताना त्यानं वशिंडाला हात लावून तो कपाळाला लावला. मी ते मुद्दाम मान वळवून बघितलं. अण्णा वर्दी घालून गर्दीत उभा होता. तो आला आणि आप्पांनी धरलेली थोरल्या बैलाच्या तोंडावरची मोरकी त्यानंही धरली. आप्पांनी हात काढला नाही. तिघं तसेच वेशीतून गेलो. पुढं स्वराज्य आल्यावर अण्णा काश्मीरच्या बर्फावरून उडाला, दुसरं मेडल मिळालं, मोठा हुद्दा मिळाला. त्याचाही मला अभिमान आहे. पण वेशीतून जाताना छाती जेवढी फुगली होती, तेवढी पुन्हा नाही.

पुरणपोळीला आम्ही एका ओळीत बसलो. निम्मं जेवण झालं. मग आप्पांनी ताटातच बघत विचारलं, "ते इमान वळवायचं कसं रं? कासरा तर न्हाय त्याला."

अण्णानं पोळी बाजूला सारली आणि दोन्ही हातांनी दाखवायला लागला.