निवडीच्या शनिवारी

बॅडमिंटन मला आईनं शिकवलं. नागपूरला ती युनिव्हर्सिटीकडून खेळायची. लग्नानंतर ते सुटलं. आम्ही इकडे ओंटारिओत, स्कारबरोला आलो तेव्हा मी दुसरीत होते. पहिल्याच हिवाळ्यात घरात बसून दोघी कंटाळलो, तेव्हा ती मला कम्युनिटी सेंटरच्या जिममध्ये घेऊन गेली. एरवी ती गप्पच असायची. बाबा डाउनटाउनला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आणि ती एका वेअरहाउसमध्ये औषधांच्या पॅकिंगला. मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी झालेली बाई दिवसभर बाटल्यांची झाकणं तपासत उभी राहायची. पण हातात रॅकेट आली की तिचा आवाजच बदलायचा.

"पाय हलव बाप्पा! शटल काय चालत येऊन राहिलं का तुझ्याकडे?"

खेळात मी तिच्या पुढं गेले तेव्हा क्लब तिनंच शोधला, कोचशी तीच बोलली. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशननं खेळासाठी माझा सत्कार केला. एका काकांनी विचारलं, "पुढं काय, मेडिसिन ना?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही. ही ओंटारिओच्या टीममधून खेळणार." बाबा हसले. ती हसली नाही.

कसिनोचं सुरू झालं ते अगदी साधं. वेअरहाउसमधल्या एका फिलिपिनो मैत्रिणीनं तिला एका रविवारी सोबत नेलं. आमच्या जवळच्या प्लाझातून बस सुटायची, तिकिटात जेवणही असायचं. पहिल्या वेळी आई जिंकून आली. जेवताना तिनं जुगाराची ती मशीन कशी वाजली, शेजारच्या म्हातारीनं तिला कशी मिठी मारली, हे उभं राहून करून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. इतकं बोलताना तिला आम्ही कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. बाबाच म्हणाले, "जात जा अधूनमधून. तेवढाच तुला विरंगुळा."

पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती एकटीच, स्वतःच्या गाडीनं जायला लागली. मग प्रॅक्टिसनंतर मला घ्यायला यायचं विसरायला लागली. सगळ्या मुली निघून जायच्या आणि कोच जॅकेट घालून माझ्याजवळ उभे राहायचे. "Is your mom okay?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "She's stuck at work." घरी दार लावून भांडणं व्हायची. कामावर दांड्या झाल्या, म्हणून वेअरहाउसमधून तिला काढल्याचं मला त्या बंद दाराआडूनच कळलं. घराचे हप्ते भागेनात, म्हणून बेसमेंट भाड्यानं दिलं. बाबा म्हणाले, "तू आजारी आहेस, आपण कुणाला तरी दाखवू." ती म्हणाली, "मी काय वेडी आहे?" नंतर रडली, आणि पुन्हा जाणार नाही असं माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. आम्ही दोघांनी ते खरं मानलं.

मी अकरावीत असताना प्रांताच्या ज्युनियर टीमची निवड होती, उत्तरेकडच्या एका गावात. त्या शनिवारी बाबांना ऑफिसनं बोलावलं होतं, त्यामुळे मला आईच नेणार होती. सकाळी तिनं पोहे केले, माझी वेणी घातली. गाडीतही ती छान बोलत होती. समोरची मुलगी बॅकहँडला कच्ची आहे, तिला सारखी त्या कोपऱ्यात ने, असं समजावत होती. आणि बोलता बोलताच तिनं हायवे सोडून गाडी आत वळवली.

"आई, where are you going?"

"वॉशरूमला जाऊन येते. खूप वेळ आहे अजून."

"पेट्रोल पंपावर जा ना मग. Please."

"दहा मिनिटं. काहून घाबरतेस?"

कसिनोच्या पार्किंगमध्ये मी थांबले. इंजिन बंद होतं, काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. मी फोन केला, तिचा फोन बंद होता. बराच वेळ वाट पाहून रॅकेटची बॅग खांद्याला लावून मी दारापर्यंत गेले. पगडीवाले एक वयस्कर गार्ड होते. मी लहान आहे हे त्यांना बघताच कळलं. "बेटा, अंदर नहीं जा सकते," ते म्हणाले. मी म्हटलं, माझी आई आत आहे, लाल कोट घातलाय, माझी मॅच आहे. त्यांनी दुसऱ्याला दाराशी उभं केलं आणि स्वतः आत जाऊन आले. मला खुर्ची दिली. खाली बघत म्हणाले, "मिल गईं. कह रही हैं, आ रही हूँ।"

ती आली तेव्हा माझ्या मॅचची वेळ टळून गेली होती. कोट हातात होता, केस सुटलेले. माझ्याकडे न बघता ती गाडीकडे पळतच सुटली आणि वाटभर म्हणत राहिली, "पोचतो, पोचतो आपण."

हॉलमध्ये माझ्या कोर्टवर दुसऱ्याच मुली खेळत होत्या. मी आले नाही म्हणून समोरच्या मुलीला वॉकओव्हर दिला होता. आई मात्र सरळ आयोजकांच्या टेबलापाशी गेली आणि तिच्या नागपुरी इंग्रजीत म्हणाली, हायवेवर मोठा ॲक्सिडेंट झाला होता, सगळा रस्ता बंद, मुलीची काय चूक? टेबलामागच्या बाई सहृदय होत्या. त्यांनी सहकाऱ्याशी काहीतरी कुजबुज केली, मग माझ्याकडे वळल्या. तसं असेल तर दुपारी मला खेळवता येईल, म्हणाल्या. "Is that what happened, dear?"

आई माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मला खेळायचं होतं, त्या दिवसाइतकं खेळावंसं कधीच वाटलं नव्हतं.

"No," मी म्हटलं. "There was no accident."

का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खरेपणाचा काही झेंडा नव्हता त्यात. फक्त, दुपारी कोर्टवर उभी राहून वर गॅलरीत बसलेल्या तिला टाळ्या वाजवताना मी बघू शकले नसते.

परतीच्या वाटेवर ती रडली नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी हळू चालवत होती. घरी पोचल्यावर मात्र बूट न काढताच दारात खाली बसली आणि बाबांना सगळं स्वतःच सांगितलं. बाबांनी तिला उठवलं, मग माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

त्या आठवड्यात ती बाबांबरोबर कसिनोत जाऊन स्वतःवर बंदी घालून आली. मला पुन्हा आत सोडू नका, असं आपणच सांगायचं, मग ते आपला फोटो काढून ठेवतात. तरी उन्हाळ्यात ती दुसऱ्या एका ठिकाणी गेली. घर गेलं, बाबा आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. ती तिच्या त्या फिलिपिनो मैत्रिणीकडे राहिली.

मी वर्षभर खेळले, पण हरतच गेले. दार वाजलं की माझी मान वळायची. एकदा कोच हळूच म्हणाले, "You're watching the door, not the shuttle." बारावीत मी क्लब सोडला. पुढं मी अकाउंटिंग केलं. त्यात माझं बरं चाललंय.

आई सावरली, पण फार सावकाश. एका चर्चच्या हॉलमध्ये तिच्यासारख्या लोकांची दर आठवड्याला बैठक असायची. मी युनिव्हर्सिटीत गेले त्या हिवाळ्यात तिनं आम्हाला दोघांना तिथं बोलावलं. कुटुंबाच्या लोकांसाठीचा दिवस होता. बाबा तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले. आई उभी राहिली आणि कागद न घेता, अडखळत, इंग्रजीतून बोलली. नोकरीचं बोलली, घराचं बोलली. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "My daughter was a player. Very good player."

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. माझ्याबरोबरच्या मुली अजून खेळत होत्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई खाली बसली आणि तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी मधल्या खुर्च्यांवरचे कोट उचलून मांडीवर घेतले आणि तिच्या शेजारी सरकले. मी कॉफी आणायला उठले, आणि कॉफीच्या टेबलापाशीच भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले.